न शिकवलेला शब्द

पिलारअक्काची आई स्पेनहून सोलापुरात येऊन पोचली, तेव्हा अक्का वारून महिना होत आला होता. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. अक्का जिथं वर्षानुवर्षं काम करायची त्या शहराबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात, डॉक्टर जेकबांच्या खोलीत म्हातारी खुर्चीच्या कडेवर बसली होती. अंगात काळा झगा, मांडीवर रुमालाची घडी. तिला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. डॉक्टर केरळचे, ते इंग्रजीतच बोलायचे. दोघांच्या मध्ये उभी होती महानंदा, मैंदर्गीची नर्स. पट्ट्या गुंडाळता गुंडाळता अक्कानंच तिला आपली भाषा शिकवली होती.

"इथं सुखात होती का माझी मुलगी?" म्हातारीनं विचारलं.

महानंदानं ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "होती. पण सांग त्यांना, शी मिस्ड हर मदर. मला एकदा ती स्वतःच म्हणाली होती."

महानंदा अडखळली. अक्का डॉक्टरांपाशी बोलली, आपल्यापाशी कधीच नाही, हे तिला आधी लागलं. मग ती शब्द शोधू लागली. मिस म्हणजे कुमारी, त्याचा स्पॅनिश शब्द तिला येत होता. गाडी मिस झाली, तोही येत होता. पुण्याची गाडी चुकली तेव्हा अक्कानं फलाटावरच शिकवला होता. म्हातारी टक लावून बघत होती. महानंदानं तोच पुढे केला. "पेर्दिओ."

म्हातारीचा चेहरा उतरला. "तिनं मला हरवलं? नाही गं पोरी. मी ही बसलेय इथं. हरवली ती."

दारात स्वयंपाकघरातली दगडाबाई येऊन उभी राहिली होती. "पानी देऊ का गं त्यास्नी? लई थकल्यात की."

तिला बघितलं आणि महानंदाला वाट सापडली. ती म्हातारीच्या पायाशी खालीच बसली आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगू लागली.

"दर रविवारी अक्का या बाईकडून कडक भाकरी मागून घ्यायची. तिच्यावर कच्चा लसूण घासायची, वर करडईचं तेल सोडायची. अर्धी डोळे मिटून खायची. अर्धी समोर ताटात ठेवायची. मी एकदा विचारलं, ही कुणाची? तर हसली, आणि तोंड खिडकीकडं केलं. त्या अर्धीला संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

म्हातारीनं रुमाल तोंडाशी नेला. "रविवारी आम्ही दोघी एक पाव असाच अर्धा-अर्धा खायचो," ती म्हणाली. "मे एचाबा दे मेनोस."

"काय?"

ती पुन्हा म्हणाली, सावकाश. आता अर्थ सांगायची गरज नव्हती; तिला माझी आठवण यायची, हेच ते. इतक्या वर्षांत अक्काच्या तोंडून हा शब्द एकदाही निघाला नव्हता. महानंदा मान खाली घालून पुटपुटत राहिली, "एचाबा दे मेनोस... एचाबा..."

म्हातारीनं तिची हनुवटी वर केली.

"एचाबा हे तिचं. ते संपलं. तुझं अजून चालू आहे ना? मग तू एचो म्हण, मला आठवण येते."

महानंदाचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. हनुवटीखालचा हात मात्र म्हातारीनं काढला नाही.