गोळीसोबत बानित्सा

कंपवाताची ती गोळी म्हणे पोटात हळूहळू विरघळते आणि दिवसभर पुरते. कोस्तादिनला मात्र सहा महिन्यांत काडीचा फरक नव्हता. देवाला, डॉक्टरला, औषधाच्या कंपनीला शिव्या घालून झाल्या. त्यातून सुटली होती ती एकटी बायको. पेन्का रोज सकाळी गोळी द्यायची, लगेच चीज भरलेली गरम बानित्सा आणि वाटीभर दही भरवायची, वर हनुवटीही पुसायची.

आज ती सकाळीच बहिणीकडे गेली होती. त्याने नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली, आणि तासाभराने शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावली! तसाच तो चालत दवाखान्यात गेला.

"कोस्तादिनकाका, चीज-दह्याबरोबर ही गोळी नीट लागू पडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकूंना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं."

तो घरी आला तेव्हा पेन्का उद्याच्या बानित्साच्या पाऱ्या लाटत होती.

"तुला माहीत होतं! सहा महिने मला ओंडक्यासारखं पाडून ठेवलंस. मी तुझं काय घोडं मारलं होतं गं?"

पेन्काने लाटणं बाजूला ठेवलं. त्याच्या नीट लावलेल्या बटणांकडे पाहिलं.

 

"पाय धड होते तेव्हा रोज त्या सटवी स्तेफ्काच्या दारात असायचास. चाळीस वर्षांत हे सहा महिनेच काय ते तू माझ्या वाट्याला आलास."