दोन दुकानांचा एक मजकूर

"पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावरही नाही," काका म्हणाले. "मग मी आहे तरी कुठे?"

पुतणी लॅपटॉपवर खाली खाली जात राहिली. 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं टाकलं की आधी मोठी कंपनी यायची, मग तिच्याच दोन शाखा, मग जन्मात मशीनला हात न लावलेल्या लोकांचे व्हिडिओ. काकांचं दुकान पार तळाशी होतं. तिथवर कुठलं गिऱ्हाईक जातंय?

लोकांच्या वेबसाइट मागे का पडतात हे शोधणं हा तिचा रोजचा धंदा. पण सख्ख्या काकांच्या दुकानात ती आज चोरून आली होती. आजोबा, म्हणजे आप्पा, गेल्यावर त्यांचं दुकान कोणी चालवायचं यावरून बाबा आणि काकांचं जे फाटलं ते फाटलंच. शहराच्या दोन टोकांना दोन दुकानं झाली आणि दोघा भावांतून विस्तव जाईना. काकांचा फोन आला तेव्हा तिला आधी वाटलं, कोणी गेलं की काय.

"महिनाअखेर कुलूप लावावं लागेल," ते म्हणाले होते. "त्याआधी एकदा बघून जा."

तिने बघितलं. फोटो हलके होते, साइट फोनवर पटकन उघडत होती, पत्ता नि नंबर जागच्या जागी. मग तिने 'मशीनचं दुखणं' हे पान उघडलं. साइटचा सगळा जीव त्या पानात होता. मशीनच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय आप्पांनी तोंडी सांगितले होते, ते काकांनी तसेच्या तसे उतरवले होते. 'दोरा सारखा तुटला तर दोऱ्यावर चिडू नये, ताण बघावा.' तिने ते वाक्य उचलून सर्चमध्ये टाकलं.

दोन साइट आल्या. एक काकांची, दुसरी बाबांची.

बाबांनी साइट एका गिऱ्हाइकाकडून करून घेतली होती. घरातल्या पोरीला विचारलं असतं तर कमीपणा आला असता ना. त्यामुळे तिने ते पान कधी नीट वाचलंच नव्हतं.

"चोरलं," काका म्हणाले. "तुझ्या बापाने चोरलं."

"त्यांनाही आप्पांनीच सांगितलं असणार. पण काका, दुखणं इथेच आहे. दोन पानं शब्दाला शब्द सारखी असली की सर्चला कळत नाही, खरं कोणतं. मग ते दोघांनाही मागे ढकलतं. तुम्ही तुमच्या भाषेत लिहा ना."

"आप्पांचा शब्द मी हलवणार नाही."

"मग दोन्हीतलं एक पान जायला हवं."

काकांनी टेबलावरचं बॉबिन उचललं आणि बोटांत फिरवत बसले. "एक गेलं की दुसरं वर येतं?"

"येईल. पण गेलेल्याला परत जागा मिळवायची तर फार काळ जातो."

"तिकडे कसं चाललंय?"

सांगावं की नाही, असं तिला झालं. "बाबांनी कारागीर कमी केला. दिवसभर स्वतःच बसतात. डोळ्यांना झेपत नाही आता."

"असं," काका म्हणाले आणि त्यांनी बॉबिन टेबलावर ठेवलं. तिला जीभ चावावीशी वाटली. "पान काढायचं तर काय करतात?"

"स्वतःचं असलं तर एक बटण दाबायचं. दुसऱ्याचं असलं तर तक्रार करावी लागते, ती मान्य झाली की पान जातं."

"दोन्ही दाखवून ठेव."

तिने दाखवलं. नाही कसं म्हणणार?

घरी आल्यावर लपवणं तिला जमलं नाही. बाबा तेलकट हात धूत होते. तिने सगळं सांगून टाकलं, कुलपाचंसुद्धा. हात केव्हाच स्वच्छ झाले तरी नळ चालूच.

"बाबा, तुम्ही मोठे आहात. तुम्ही तरी मजकूर बदला."

"आप्पांच्या शब्दांना हात लावायचा नाही." त्यांनी नळ बंद केला. "तुझ्या काकाला काय काय शिकवलंस?"

"पान कसं काढायचं ते."

"मलाही शिकव."

"बाबा, नका ना आता हे वाढवू."

"त्याला शिकवलंस, मग मी काय घोडं मारलंय?"

तिने त्यांनाही शिकवलं. भांडणाऱ्या दोन पोरांच्या हातात एकेक काडेपेटी द्यावी, तसं तिला वाटलं.

पुढचे काही दिवस तिचं कशात लक्ष लागेना. ऑफिसात भलत्याच गिऱ्हाइकाला भलताच अहवाल गेला. घरी बाबा मान खाली घालून दुकानातून आणलेलं मशीन उघडत होते आणि काकांचं नावही काढत नव्हते. विचारायची तिला भीती वाटत होती. शेवटी रविवारी सकाळी तिने धीर केला आणि सर्च उघडलं.

वर मोठी कंपनी होती. खाली तिच्या शाखा, मग ते व्हिडिओ. ती तळापर्यंत गेली. काका नव्हते. बाबाही नव्हते. तिने काकांची साइट थेट उघडली. 'मशीनचं दुखणं' गायब. बाबांची उघडली. तिथेही तेच.

ती डोकं धरून बसली. दोघांनी एकमेकांवर तक्रार केली असणार आणि दोघांचीही मान्य झाली असणार. आप्पांचं एक वाक्यही कुठे उरलं नव्हतं. आणि हा उद्योग दोघांना शिकवला कोणी, तर तिने. तिला रडू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. काकांचा मेसेज होता.

'तू गेलीस त्याच संध्याकाळी माझं पान काढलं. दादाचं वर आलं का गं?'

तिने तो पुन्हा वाचला. पलीकडच्या खोलीत मशीनची खडखड थांबली आणि बाबांनी तिथूनच विचारलं, "बघतेयस ना? धाकट्याचं आलं का वर?"