मागच्या बाकावरचे साहेब

"साहेब, तिथे नको, पुढे बसा ना," रुदैना म्हणाली. पण दारातून आत आलेला माणूस नुसती मान हलवत शेवटच्या बाकावर जाऊन बसलाच. इस्त्रीचा कोट, ताजी दाढी, कपाळावर घाम. करक गावातल्या या मुलींच्या शाळेचे तीन जिने चढून भल्याभल्यांना धाप लागते.

रुदैनाने त्याला नाव विचारलं नाही. जिल्हा कचेरीचं पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं. इंग्रजीचे निरीक्षक अकरावीचा एक तास पाहणार आणि जुनी नाटकं-कविता शिकवायच्या की बंद करायच्या, ते ठरवणार. मुलींना धड व्याकरण येत नाही, चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी हवंय कशाला, असा पत्राचा सूर होता. ते वाचून मुख्याध्यापिका इन्साफबाईंनी डोक्याला हात लावला होता. रुदैना हसली होती. "येऊ देत. जाताना ओळी गुणगुणत जिना उतरतील."

वर्गात कुजबुज सुरू झाली. पहिल्या बाकावरची लुजैन अर्धवट उठली. "मिस, ते आहेत ना, ते..."

"ते कोण आहेत मला ठाऊक आहे. खाली बस आणि तोंडाला कुलूप लाव."

लुजैन बसली. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं.

"पाय!" रुदैनाने हुकूम सोडला.

सव्वीस जणींच्या टाचा फरशीवर पडल्या. एक हलकी, एक जोराची, ओळीला पाच ठोके. लग्नात हातात हात धरून दबकेचा नाच करताना आपटतात तशा. पुस्तकाने दीड पान खर्चून समजावलेलं वृत्त या मुलींच्या टाचांना पाच मिनिटांत कळलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा तक्रार केली, तो भाग वेगळा.

रुदैना मागे येऊन त्या माणसाशेजारी उभी राहिली. "व्याकरण यातच येतं, साहेब. वेगळं शिकवावं लागत नाही."

"हं," तो म्हणाला. समोर वही नाही, पेन नाही. बोलणं अरबीतच. त्याचं तिला नवल वाटलं नाही. इंग्रजीचे निरीक्षक इंग्रजी बोलत नाहीत, हे तिला बावीस वर्षांत कळून चुकलं होतं.

"आता न्यायालयाचा प्रवेश. न्यायाधीश लुजैन. कैदी जुमाना."

जुमाना फळ्यापाशी गेली. ऑक्टोबरपर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा नुसतं बोट वर करायची. शेवटच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे, असं म्हणत रुदैनाने तिच्या मागे लागून लागून तिचा आवाज बाहेर काढला होता. आज जुमानाने सवयीने शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

घाबरली पोर, रुदैनाला वाटलं. तिने लांबूनच मान डोलावली. म्हण.

पहिली ओळ पुटपुटण्यातच गेली. दुसरी निम्मी बाहेर आली. मग जुमानाने डोळे मिटले, डावी टाच एकदा आपटली आणि डोळे उघडून बोलू लागली. समोर न्यायाधीश होऊन बसलेल्या लुजैनकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. तिची नजर थेट मागच्या बाकावर होती.

"काय म्हणतेय ती?" त्या माणसाने हळूच विचारलं.

परीक्षा घेतोय माझी, असं रुदैनाच्या मनात आलं. तिने अरबीत सांगितलं, "ती म्हणतेय, शिक्षा करायची तर करा. तुमचा तो हक्क आहे. पण मी कोण आहे ते आधी ऐका. न ऐकता हाकलून देऊ नका."

तो बाकावर पुढे वाकला. मग म्हणाला, "हुशार आहे?"

"वर्गात पहिली. पण टिकायची नाही. बाप तिला शाळेतून काढणार आहे. अम्मानला आत्याच्या शिवणकामावर पाठवणार म्हणे. याच आठवड्यात नाव काढायला येईल."

"त्याचीही काही अडचण असेल."

"असेल ना! ट्रक चालवतो, दिवस दिवस रस्त्यावर असतो. मी त्याला वाईट म्हणत नाही, हट्टी म्हणते. सोळा वर्षं पोरगी घरात वावरते, साहेब. एकदा तरी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं असेल का त्याने?"

"आला तर काय सांगाल त्याला?"

"काही नाही. तुम्ही बसलात ना, तिथेच बसवीन."

फळ्यापाशी जुमाना शेवटच्या ओळींवर आली होती. आवाज फाटला, पण तिने तो खाली पडू दिला नाही. बोलणं संपलं. मग लुजैनने टाच आपटली. मागोमाग सगळ्यांनी. खिडकीची तावदानं थरथरली. रुदैनाने त्यांना आवरलं नाही. हा तास कुणाच्या बापाला बंद करता येणार नाही, अशी तिची खात्रीच पटली.

तेवढ्यात दार ढकलून इन्साफबाई आत डोकावल्या. त्यांना जिन्याने धाप लागली होती.

"रुदैना, अगं, मुलींना शांत कर! निरीक्षक आलेत. खाली माझ्या खोलीत चहा घेताहेत. पाच मिनिटांत वर घेऊन येते."

दार लागलं. रुदैना सावकाश वळली.

तो माणूस बाकावरून उठून उभा राहिला होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता, फळ्यापाशी उभ्या असलेल्या जुमानाकडे पाहत होता.

"बाई, तो ट्रकवाला मीच," तो म्हणाला. "त्या साहेबांसमोर माझी पोर हे पुन्हा म्हणणार असेल, तर मी थांबू का?"