गेटवरचा फोटो

दुपारी चार वाजता मी मुलुंडच्या वाचनालयात बसलो होतो. मोबाइल वाजला. आमच्या सोसायटीत गेटवर कुणीही आलं, अगदी इथलाच रहिवासी असला, तरी वॉचमन त्याचा फोटो काढतो. तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर येतो आणि आपण ‘येऊ द्या’ दाबायचं.

फोटो माझा होता. अंगात हाच निळा सदरा, वरचं बटण तुटलेलं.

जुना फोटो असेल, मीच भलतं काहीतरी दाबलं असेल, असं आधी वाटलं. पण ते बटण तर आत्ता, वाचनालयाच्या जिन्यात तुटलं होतं.

तेवढ्यात माझ्या बायकोने, नलिनीने, घरून ‘येऊ द्या’ दाबलं.

मी घाबरून तिला फोन लावला; तो तिसऱ्या खेपेला लागला. “नलिनी, दार उघडू नकोस!”

“दार केव्हाच उघडलं. पण कोण बोलतंय?”

“अगं, मी!”

ती फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, “अहो, ऐकलंत का? तुमच्याच नंबरवरून कुणीतरी बोलतोय. आवाजही हुबेहूब तुमचा.”

पलीकडून माझाच भिडस्त, अडखळणारा आवाज आला.

“ठेव फोन, नलू. हल्ली... हल्ली असंच फसवतात.”