पाहुण्याचं पाणी

बसा बापा, टेकून बसा. पाण्याची एक गोष्ट सांगतो. तहान लागली असन तं आधी पेऊन घ्या, मधात उठू नका.

"मावशी, येतो आता. माहं काम सरलं," भगवंतराव दारातून बोलला, अन् जनकाबाई चुलीम्होरून उठली. वरवट बकालच्या अंगाचं, खारपाण पट्ट्यातलं गाव. महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षंच झाले असतील. भगवंतराव डोणगावकडचा पोरगा, नागपुरात डाक्टर झालेला अन् त्याच्यावरचंही मोठं शिकून राह्यलेला. या पट्ट्यात लोकायचे पाय काऊन सुजतात, याचाच शोध त्यानं धरला होता.

जनकाबाईनं ओसरीकडे पाह्यलं. तिचा शालिग्राम पाय लांबवून बसला होता. पायावर बोट दाबलं का खड्डा पडे, अन् खड्डा लौकर भरेच ना. त्याच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. पहिले पाय, मंग तोंड, मंग लघवी बंद. मंग तिरडी.

"पाण्यात काय निंगालं बापा?" तिनं इचारलं.

"काहीच नाही. पाणी चांगलं हाये तुमचं."

आता तिथल्या विहिरी खाऱ्या, हे शेंबड्या पोरालेही ठाऊक. त्या पाण्यात दाळ शिजत नाही, साबण फेसत नाही. पण भगवंतरावच्या मोठ्या मास्तरनं त्याले बजावलं होतं, का विहीर तपासू नको, माणसाच्या पोटात जाते ते तपास. बोलणं सोळा आणे खरं होतं. विहिरीवर ढोरंही पेतात अन् लुगडेही धुतात. म्हणून भगवंतराव घरोघर हिंडला. सूज असलेलं घर पाह्यलं, धडधाकट घर पाह्यलं. "तुमी पेता ते द्या," म्हणे, अन् बाटली भरून घे. बाटल्या नागपूरले गेल्या. साऱ्या घरायचं पाणी सारखंच गोड निंगालं. आजारी घराचंही गोड अन् बऱ्या घराचंही गोड. मंग दोष पाण्यावर कसा लावाव? हिशोबात बसेच ना.

"मंग सरकार इकडे गोड पाणी आणन का नाही?"

"कायले आणन मावशी? तुमी तं गोडच पेता. मी तसंच लिहून राह्यलो."

"मंग याचे पाय?"

भगवंतराव खाली पाहून बोलला, "रक्तातच असन काही. घराण्यात."

शालिग्राम हासला. "पाह्य माय, बापानं वावर नाही ठेवलं, पाय तेवढे ठेवून गेला."

जनकाबाईले हासू आलं नाही. "पाणी तं पेऊन जा," म्हणे, अन् घरात गेली.

घरात दोन भांडे. कोपऱ्यात मोठा रांजण, विहिरीच्या पाण्याचा. शिंक्याखाली लहानसा माठ, वर धुतलेलं फडकं. त्याच्यात नदीच्या रेतीत खणलेल्या झिऱ्याचं गोड पाणी. बाया अंधारात उठून वाटी-वाटीनं उपसत अन् डोक्यावर आणत. गावात घरोघरी असा माठ होता, अन् तो पाहुण्याचा होता. घरच्यानं त्याले हात लावाचा नाही. पाहुण्याले खारं पाणी देणं म्हणजे त्याले उंबऱ्यावरून हाकलणंच. धन्यानं शेवटच्या दुखण्यात गोड पाणी मांगतलं, तवाही तिनं फडकं उचललं नव्हतं. "उद्या सोयरे येऊन राह्यले," असं सांगतलं होतं.

अन् भगवंतराव बाटली घेऊन आला, तवा तिनं याच माठातलं भरून देल्लं. "हेच पेता ना?" त्यानं इचारलं होतं. "हाव बापा, हेच. आमी काय ढोरं हावो?"

तिनं लोटा माठात बुडवला. भरला. हात तसाच राह्यला. बाहेर शालिग्राम पायावर बोट दाबून पाहून राह्यला होता.

तिनं लोटा माठात रिता केला अन् रांजणावरचं झाकण सरकवलं.

शेजारची सोजराबाई निरोप द्याले आली होती. तिनं दारातून पाह्यलं. "अवो जनके! रांजणातलं? पाहुण्याले? अक्कल चुलीत घातली का वो?"

तवरिक भगवंतरावनं लोटा तोंडाले लावला होता. एक घोट घेतला, अन् तोंड वाकडं करून अंगणात थुकला. शालिग्रामनं लाजेनं मान खाली घातली.

"हे काय व्हय मावशी?"

"हे आमचं पाणी," जनकाबाई बोलली. "बाटलीत नेलं ते तुमचं होतं."

भगवंतराव लोट्याकडे पाहात राह्यला. त्याले त्या गावातलं घर अन् घर आठवलं असन, ज्यानं त्यानं किती मानानं बाटली भरून देल्ली होती ते. तो ओसरीवर शालिग्रामजवळ टेकला अन् त्यानं तोच लोटा पुन्हा तोंडाले लावला. डोळ्यात पाणी आलं, पण रिता केला. मंग पिशवी सोडून एक रिकामी बाटली काढली.

सोजराबाईनं पदर तोंडावर ओढला. "माह्याही घरी चाल बापा," म्हणे. "तिथंही तसंच झालं हाये."

त्या गावात नळ आला, पण लय मागून आला. शालिग्रामच्या ओठाले त्याचा थेंब लागला नाही. जनकाबाईनं नळाच्या पाण्याचा पहिला लोटा त्याच्या जागेवर, ओसरीवर ओतला.

तं बापा, एकच मांगणं हाये. कवा आमच्या तिकडे आले अन् एखाद्या बाईनं तुमाले खारं पाणी हातात देल्लं, तं थुकू नका. पेऊन घ्या.