नव्या होडीचा नारळ

ठमाबाईनं नारळ हातात घेतला, आणि तो वाढवायचं सोडून ती होडीच्या टोकावरच जाऊन बसली.

होडी नवीकोरी होती, निळी. अर्धी काठाच्या गाळात, अर्धी धरणाच्या पाण्यात. अंगावर पांढऱ्या रंगानं नाव घातलेलं, 'नागेश'. नागेश ठमाबाईचा थोरला. मागल्या साली ह्याच दिवशी वादळात होडी उलटली आणि तो अन् त्याचे तिघे जोडीदार मासेमारी करता करता बुडाले. आज त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. तो ठेवला होता मासेमारीच्या ठेकेदारानं, दादासाहेबांनी. मंडप त्यांचा, स्पीकर त्यांचा, होडी त्यांची. मेलेली माणसं तेवढी दुसऱ्यांची.

पाण्याच्या कडेला बांबूवर फ्लेक्स ताणला होता, खास बारामतीहून छापून आणलेला. दादासाहेबांचा मोठा फोटो आणि त्याच्या खाली चौघं. चौघांच्याही अंगात केशरी जाकिटं, पाण्यात बुडू न देणारी. ठमाबाईला अक्षरं धड लागत नव्हती, पण आपलं पोर काय घालून घरातनं गेलं होतं, ते तिला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. फाटकं बनियन घालून गेलं होतं.

"जित्याला टायरची साधी ट्यूब दिली न्हाय," ती शेजारच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "आन् मेल्यावर शिंप्याकडं माप दिलं."

दादासाहेबांचं भाषण झालं होतं. नागेश म्हणजे माझा उजवा हात होता, असं ते दोनदा म्हणाले. ठमाबाईनं बघितलं. उजवा हात जागच्या जागी होता, सोन्याच्या अंगठ्यांसकट.

आता नारळ वाढवायचा, मग नव्या चौघांनी होडी मधल्या पाण्यात न्यायची आणि जाळं फेकायचं. वरून ड्रोन शूटिंग करणार होता. त्या चौघांत ठमाबाईचा धाकटा मल्हार होता. त्याच्याही अंगात बनियनच.

ज्या घरचा माणूस पाण्यानं नेला, त्या घरच्या बाईनं नारळ वाढवल्याबिगर नवी होडी काठ सोडून पाण्यात घालायची नाही, ही त्या काठची रीत. दादासाहेबांना ती रीत फार आवडली होती. फोटोत चांगली दिसते म्हणाले होते.

पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन वर चढत होतं. बगळे पाणी सोडून बाभळीवर येऊन बसले होते. काठावरचे कोळीभोई सगळे तिकडंच बघत होते.

"आये, वाढव की," मल्हार खालच्या आवाजात म्हणाला. "मालक ताटकळल्यात."

"तुझा मालक सावलीत हाय. ताटकळू दे."

मग दादासाहेब स्वतः आले, हातात माईक तसाच घेऊन. आवाजात साय होती. "मावशी, दोन मिनिटांचं काम आहे. फोटो काढायचा, लगेच माघारी."

"मागल्या सालीबी दोन मिनिटांचंच व्हतं. वारं सुटलंय म्हणून पोरं काठाला बसली, तर तुमी फोन केला. जाळी तेवढी काढून आणा म्हणाला."

माईक चालूच होता. स्पीकरनं ते मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत नेलं. दादासाहेबांनी माईकवर हात दाबला, तो जरा उशिरा. मग ते बाकीच्या तीन घरच्या बायकांकडं वळले आणि दुसरा नारळ आणायला सांगितलं. नारळ आला. तो घ्यायला कुणाचा हात पुढं झाला नाही. एकीनं नुसता पदर दातात धरला.

तेवढ्यात वारा आला. आधी खुर्च्या आडव्या झाल्या, मग मंडपाचं कापड फुगलं. फ्लेक्सची वरची दोरी तुटली, तो दोनदा फडफडला आणि बांबूवरून उडून पार आत, पाण्यावर जाऊन पडला. लाटा आता होडीच्या बुडाला थपडा मारत होत्या.

"अरे, बघताय काय?" दादासाहेब ओरडले. त्यांच्या बुटांपाशी पाणी आलं होतं, ते मागं सरकले. "फोटो आहेत त्यांचे! जा, काढून आणा. बुडतोय तो!"

मल्हारनं आईकडं बघितलं. मग त्यानं हातातलं वल्हं गाळात उभं रोवलं.

ठमाबाई नारळ मांडीवर घेऊन तशीच बसलेली. लाटांवर चौघांची केशरी छाती एकदा वर यायची, एकदा खाली जायची.

"बुडतील कशी?" ती म्हणाली. "जाकिटं हायत की अंगात."