मयत न वाहिलेली गाडी

मंगळवारी सकाळी सव्वादहाला टेंभुर्णीच्या काकासाहेबांची अँबॅसडर जालन्याच्या मस्तगडात भुजंग दलालाच्या दुकानापुढे उभी राहिली. दुपारपर्यंत तिचा सौदा व्हायलाच हवा होता.

सहा वर्षांपूर्वी नोंदवलेल्या फियाटचा नंबर अखेर लागला होता. शुक्रवारपर्यंत रक्कम भरली नाही, तर तो पुढच्या माणसाला जाणार होता. फियाटची गोष्टच वेगळी. शोरूममधून बाहेर काढली की दुसऱ्या दिवशी ती घेतल्या किमतीपेक्षा महाग विकली जायची.

"हेराल्ड असती तर मी हात लावला नसता," भुजंग बॉनेट उघडत म्हणाला. "इकडं तिला मेकॅनिक भेटत न्हाई. अँबॅसडर खेड्याच्या रस्त्याला टिकती. पेट्रोल महागलं तरी भाव धरून हाय. पण काकासाहेब..."

"पण काय?"

"दोन गिऱ्हाइकं आल्ती. तुमचं नाव ऐकून परत गेली. ह्या गाडीत मयत झाली म्हणतात."

काकासाहेबांनी रुमालाने मान पुसली. जिच्यात माणूस मेलं ती गाडी कोणी दारात उभी करत नाही. केलीच, तर तिसरा हिस्सा कापून. तेवढा कापला गेला, की फियाट हातची गेली.

"तिसरं गिऱ्हाईक आत बसलंय," भुजंग म्हणाला. "जाफराबादचे मास्तर. तिघा भावांत टॅक्सी करायची म्हणतात."

तातेराव मास्तर बाहेर आला. पांढरा सदरा, खिशाला पेन.

"तुमच्यात मास्तर लई झाले आता," काकासाहेब हसून म्हणाले.

"टॅक्सीवालेही होतील."

तातेरावने इंजिन बघितलं नाही. तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि रेक्झिनवरून हात फिरवत राहिला.

"मास्तर, इंजिन पुढं असतं," भुजंग म्हणाला.

"बाई इथंच मेली का?"

"मेली न्हाई," काकासाहेब तडक म्हणाले. "बेबीनंदा. माझ्याच कापसात निंदायला होती. साप चावला. मी स्वतः गाडीत घालून जालन्याला निघालो. मजुरासाठी कोण करतं एवढं?"

"मग?"

"मंग वाटेत लिंबाखाली उतरवली. जिती होती. पाणी मागून राह्यली होती. गेली ती त्याच्यानंतर. ठाण्यात जबाब झाला, प्रकरण मिटलं."

"उतरवली कशाला?"

भुजंग बॉनेट पुसू लागला.

"लक्षण दिसत होतं," काकासाहेब म्हणाले. "गाडी दोन वर्षांची. पुढंमागं विकायची होती. तुमच्याच फायद्याचं झालं की, मास्तर."

तातेराव सीटवरून उतरला. दार हळू लावलं.

"भाव पुरा देतो," तो म्हणाला. "पण हे पावतीवर लिहून पाहिजे. भाऊ विचारतील. उद्या प्रवासीही विचारतील."

काकासाहेबांना हसू आलं. एवढ्यावर फियाट मिळत असेल तर लिहायला काय जातं? भुजंगने कागद आणला, रेव्हेन्यू तिकीट लावलं. काकासाहेबांनी वळणदार अक्षरात स्वतः लिहिलं: 'गाडी घेतल्यापासून आजतागायत तिच्यात कोणीही मयत झालेले नाही. मौजे टेंभुर्णीची मजूर बाई बेबीनंदा हिला रस्त्यात उतरवले तेव्हा ती जिवंत होती, बोलत होती.' तिकिटावर आडवी सही केली. साक्षीदार म्हणून भुजंगची सही झाली.

तातेरावने बयाणा मोजून दिला, पावतीची घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"बाकीचे गुरुवारी?" काकासाहेबांनी विचारलं.

"गुरुवारी बघू."

तो एसटी स्टँडकडे निघाला. तो दुकानापुढंच असताना काकासाहेबांनी दोन चहा सांगितले. तिसरा सांगायचं त्यांच्या मनात आलं नाही.

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ती पावती ठाण्यात दाखल झाली. सोबत अर्ज होता आणि बाई गेली त्या आषाढातल्या जबाबाच्या कागदपत्रांची नक्कल. अर्जदार तातेराव, बेबीनंदाचा सख्खा भाऊ. नकलेत काकासाहेबांचा जबाब असा आहे: 'बाई गाडीतच मयत झाली, म्हणून प्रेत रस्त्याच्या कडेला उतरवले.' अर्ज घेतला गेला आहे. काकासाहेबांना अजून बोलावलेलं नाही.